मेखलेला फॉल लावणारी सासू

न्यू जर्सीहून मिनेसोटाला विमानानं जावं की गाडीनं, असं परवा एका वाचक मुलीनं मला विचारलंय. गाडीनं जा, बाई. रस्ता सरळ आहे, पोटापाण्याची सोय जागोजागी आहे, आणि विमानात बसून मिनेसोटा किती लांब आहे ते कळत नाही. आम्ही गेलो ते शहाऐंशीच्या जूनमध्ये. तीन दिवस, बाराशे मैल. मी, आमचे अहो, सात वर्षांची केतकी, आणि एसी बंद पडलेली आमची जुनी स्टेशनवॅगन. मी एका लग्नाला सासू म्हणून चालले होते. वय वर्षं तेहतीस.

सांगते. दीपांकर, म्हणजे आमचा दीपू, आसामचा मुलगा. जोरहाटहून इथे पीएचडीला आला आणि आमच्या बेसमेंटमध्ये दोन वर्षं भाड्यानं राहिला. भाडेकरू कसला, घरातलाच झाला तो. वरणभात जेवायचा, केतकीची गणितं तपासायचा आणि अहोंबरोबर राहून आमच्या मराठीतल्या सगळ्या शिव्या शिकला. त्याचं लग्न ठरलं जोनालीशी. ती मिनेसोटात, मिनिआपोलिसच्या शेजारी ईडन प्रेरीत लहानाची मोठी झालेली, आईवडील मूळचे आसामचे. लग्नही तिकडेच व्हायचं होतं.

आणि लग्न ठरतंय तोच दीपूच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. वडील तर आधीच गेलेले. त्यांच्याकडे लग्नाआधी एक विधी असतो, जोरोण. नवऱ्या मुलाची आई मुलीच्या घरी जाते, तिच्या भांगात तेल घालते, कुंकू लावते आणि कपडे नि दागिने तिच्या हातात ठेवते. तेच कपडे घालून मुलगी बोहल्यावर उभी राहते. आता आईच नाही तर हे करायचं कुणी?

दीपू स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, तू माझी आई हो ना. दोनच दिवस."

मला इतकं हसू आलं, आणि मग इतकं रडू आलं, की हातातली पोळी करपली. हो म्हटलं.

जानेवारीत मी पुण्याला गेले होते. दीपूचा थोरला भाऊ लष्करात, तेव्हा पुण्यातच होता. तो माझ्या माहेरी येऊन पार्सल देऊन गेला. जाड पांढऱ्या कापडात शिवलेलं गाठोडं आणि एक बिस्किटांचा डबा. डब्यात दागिने होते, जोरहाटच्या सोनारानं हातानं घडवलेले. जोनबिरी म्हणजे गळ्यातली आडवी चंद्रकोर, लाल मिन्याची. लोकापारो म्हणजे पाठीला पाठ लावून बसलेली दोन कबुतरं. आणि गामखारू, मनगटभर रुंद कडं, एका बाजूला खिळीनं उघडणारं. वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. माझ्या आईनं हातात घेऊन लगेच सांगितलं, "आपल्या वज्रटिकेसारखंच आहे हे. उन्हात ठेवू नकोस, लाख सुटेल." त्यामुळे दागिन्यांच्या बाबतीत मी शहाणी होते. घोटाळा केला तो कपड्यांत.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. तेव्हा एडिसन-आयसेलिन भागातल्या निम्म्या मराठी बायकांच्या साड्यांना फॉल-पिको मी करून द्यायचे. जुनं मशीन घेतलं होतं, बेसमेंटमध्ये दुकानच थाटलं होतं म्हणा ना. "सुषमाचा फॉल म्हणजे सुरकुती नाही," असं लोक म्हणायचे आणि मी ते ऐकून फुगायचे. निघायच्या आठवडाभर आधी मी गाठोडं वारा द्यायला उघडलं. आत दुधाळ पांढरं रेशीम, त्यावर लाल-सोनेरी बुट्टे, बोटांत धरलं तर कुरकुर वाजणारं. नजर ठरेना. पण साडी दोन तुकड्यांत! त्यातला एक तुकडा तर दोन्ही टोकं जोडून उशीच्या अभ्र्यासारखा शिवून टाकलेला. तिसरी एक अरुंद पट्टी होती, ते उघडच नवरदेवाचं उपरणं.

मला वाटलं, अरे देवा, बिचाऱ्या माउलीचा माग लहान असणार, साडी दोन तुकड्यांत विणली, आणि कुणा अडाणी शिंप्यानं भलतंच शिवून ठेवलं. दीपूच्या आईचा फोटो मी पाहिलेला होता, त्यात त्या साडीच नेसलेल्या दिसत होत्या. मग काय, बसले मशीनवर. अभ्र्याची शिवण उसवली. दोन्ही तुकडे एकमेकांना जोडून झकास दांड घातला. माझी आजी जुन्या लुगड्यांना घालायची ना, तसाच, निऱ्यांत लपेल अशा जागी. काठ काही नीट जुळेनात, लांबीही बेताची भरली, पण जोनाली बारकी आहे असं ऐकलं होतं. खालून पांढरा फॉल लावला, वरची कड हातानं टिपून. पिको केलं. इस्त्री केली. दीपूला सरप्राईज म्हणून काही बोलले नाही. तो तर त्याच दिवशी विमानानं पुढे गेला.

पहिला दिवस. पहाटे पाचला निघालो. रूट एटी धरला की पेनसिल्व्हेनिया संपता संपत नाही, हे लक्षात ठेवा. डोंगर, झाडी, ट्रक, पुन्हा डोंगर. स्पीड लिमिट पंचावन्न, आणि आमचे अहो चोपन्ननं चालवणारे. ट्रकवाले हॉर्न मारून जायचे आणि हे त्यांना हात हलवून "या, या, निघा पुढे" म्हणायचे. गॅस, म्हणजे पेट्रोल, तेव्हा डॉलरच्या आत गॅलन होता. बाहेरचं खायला लागलं नाही, मी धपाटे, दाण्याची चटणी आणि थर्मासभर चहा घेतला होता. तुम्हीही घ्या. त्या पट्ट्यात शाकाहारी माणसाला फ्रेंच फ्राइज आणि अ‍ॅपल पाय यांच्यापलीकडे कुणी विचारत नसे. दागिन्यांचा डबा मी गाडीत एक मिनिट ठेवला नाही. गाडी तापते, लाख सुटली तर? प्रत्येक रेस्ट एरियात डबा काखोटीला मारून आत.

केतकी म्हणाली, "आई, एव्हरीबडी थिंक्स यू आर टेकिंग कुकीज टु द बाथरूम."

"समजू दे," मी म्हटलं.

संध्याकाळी सहाला ओहायोच्या हद्दीत एका मोटेलात उतरलो. सव्वीस डॉलर, खोली स्वच्छ, बाहेर बर्फाचं मशीन. केतकीला त्या मशीनपुढे सगळं जग तुच्छ. ऑफिसशेजारी फोनचं खोकं होतं. हातात नाणी घेऊन मी दीपूला फोन लावला.

"वहिनी! सगळं नीट आहे ना? मेखला, चादोर, रिहा? तीन कपडे?"

"तीन कुठले? एक साडी आणि एक तुझं उपरणं."

"साडी?"

"हो, साडी. तुझ्या आईनं पाठवलेली."

तो हसला. "वहिनी, आमच्यात लग्नाला साडी नसते. खाली मेखला, ती पिशवीसारखी गोल शिवलेली. वर चादोर, वेगळी. आणि उपरणं नाही ते, रिहा आहे, नवरीची. आईनं सगळं स्वतः विणलंय. गुडघा दुखत होता तरी. चार महिने मागावर बसायची."

 तेवढ्यात मध्येच ऑपरेटरबाई बोलली, आणखी पंच्याहत्तर सेंट टाका म्हणून. हातात नाणी होती. टाकली नाहीत. फोन आपोआप बंद झाला.

खोलीत येऊन अहोंना सांगितलं. त्यांनी आधी डोक्याला हात लावला. मग म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? साडीला फॉल लागतोच!"

"पण ती साडी नाही ना."

 कुठे ती बाई, दुखऱ्या गुडघ्यानं मागावर बसलेली. मुलाच्या लग्नाला स्वतः येऊ शकत नाही म्हणून निदान हातचं कापड तरी सुनेच्या अंगावर पडावं, एवढीच तिची इच्छा. आणि मी, तिच्या जागी पाठवलेली, सुई घेऊन तिच्याच कापडावर तुटून पडले. 

दुसरा दिवस. ओहायो आणि इंडियाना हे दोन्ही टोलरोड सरळसोट आहेत, कंटाळवाणे म्हणाल तर कंटाळवाणे. शिवण उसवायला मात्र फार चांगले. मी मागच्या सीटवर स्वच्छ पांढरी चादर अंथरली, हात धुतले, छोटी कात्री घेतली आणि टाका टाका करत उसवायला बसले. अहो पुढून ओरडायचे, "खड्डा!" मी कात्री वर उचलायची. "लेन बदलतोय!" पुन्हा कात्री वर. दीडशे मैल असंच चाललं. शेवटी शेवटी तर आम्हाला दोघांनाही हसू आवरेना.

केतकी सुटलेले दोरे गोळा करत होती. तिनं शांतपणे विचारलं, "आई, व्हाय डिड यू सो इट इफ यू हॅड टु अनसो इट?"

"गप गं. दोरे धर."

इंडियानात टोल घेणाऱ्या बाईनं वाकून मागे पाहिलं. "ओह माय! इज दॅट अ वेडिंग ड्रेस?"

"यस," मी म्हटलं. "आय अ‍ॅम द मदर-इन-लॉ."

तिनं माझ्याकडे पाहिलं, केतकीकडे पाहिलं, आणि सुटे पैसे दिले.

शिकागोची गर्दी टाळायची असेल तर ते दुपारी तीनच्या आत पार करा. आम्ही साडेचारला अडकलो आणि दीड तास तिथेच शिजलो. जाणारच असाल तर डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर थाळी जेवून घ्या. आम्ही डबा खाल्ला, कारण मी रेशीम सोडून उतरायला तयार नव्हते. मॅडिसनला पोचलो तेव्हा फॉल सुटला होता, दांड सुटला होता, तिन्ही कापडं पुन्हा तीन झाली होती. आता बघायचं होतं भोकांचं.

मोटेलच्या बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर सोडला, दार लावलं आणि कापड दांडीवर टांगून वाफेत ठेवलं. मग अंगठ्याच्या नखानं धागे हलके हलके सरकवत बसले. दांडाची भोकं कडेला होती, ती मेखलेच्या शिवणीत आणि चादोरीच्या खोचण्यात गडप झाली असती. पण फॉल! फॉलची वरची कड काठाच्याही वर चार बोटं येते. तिथे माझ्या त्या सुप्रसिद्ध बारीक टाक्यांची रांग, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मुंग्या चालल्यात तशी. पुष्कळ बुजली. पण उजेडात धरलं की दिसायचीच.

अहो म्हणाले, "घोट्याजवळ कोण बघतंय? गप्प बस. उद्या नीट शिवून टाक आणि विषय संपव."

मला पटलं. म्हणजे पटवून घेतलं.

तिसरा दिवस विस्कॉन्सिनचा, आणि हा या प्रवासातला सगळ्यात सुंदर पट्टा. हिरवी कुरणं, लाल कोठारं, गाई इतक्या धष्टपुष्ट की केतकीनं मोजणंच सोडलं. रस्त्याकडेला चीजचे ताजे खडे मिळतात, दातांखाली चिंव् चिंव् वाजतात. पिशवी घ्याच. एका रेस्ट एरियात झाडाखालच्या बाकावर बसून मी मेखला पुन्हा गोल शिवली, हातानं, जुन्या शिवणीच्या खुणेवरच. शेजारच्या बाकावरचे एक आजोबा लांबून बघत होते. जाताना म्हणाले, "नाइस कर्टन." मी थँक्यू म्हटलं.

दुपारी चारला ईडन प्रेरी. घरामागे तळं, तळ्यावर बदकं आणि बदकांपेक्षा डास जास्त. जूनमध्ये जाणार असाल तर डासांचं मलम विसरू नका. दारात जोनालीची आई उभी होती, हेमलता. उंच, केस घट्ट बांधलेले, शाळेच्या लायब्ररीत काम करणारी बाई, त्यामुळे आवाज कायम हळू. मावशीला त्यांच्याकडे माही म्हणतात असं दीपूनं शिकवून ठेवलं होतं, म्हणून मी त्यांना माही म्हणू लागले. आमचं बोलणं निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी. त्यांनी मला आत नेलं आणि म्हणाल्या, "मी लग्न होईपर्यंत सुआलकुचीत होते. आमच्या गावात घराघरातून मागाचा आवाज येतो. दीपूच्या आईनं काय विणलंय ते बघायला माझा जीव अगदी अधीर झालाय."

झालं! विणकरांच्या गावची बाई. मी तिथेच एका खुर्चीत बसले.

चौथा दिवस जोरोणचा. मी माझं हिरवं नऊवारी नेसले, कारण सासू व्हायचं तर पाचवारीत जमणार नाही असं मला वाटलं. केतकी, अहो आणि मी ताटं घेऊन दारात गेलो. माहींनी माझ्या गळ्यात गामोसा घातला. पांढराशुभ्र, लाल काठाचा, त्यांच्याकडे मानाच्या माणसाला देतात. उंच पाया असलेल्या पितळी तबकात पानसुपारी पुढे केली. आणि आत बसलेल्या आठदहा बायकांनी टाळ्या वाजवत गाणी सुरू केली. सगळ्या हसत होत्या, माझ्याकडे बघून. मीही आपली हसत होते, मान डोलावत होते.

जोनाली पाटावर बसलेली, चोवीस वर्षांची, नाकाच्या शेंड्यावर घाम. तिनं हळूच मला सांगितलं, "काकू, यू नो दे आर इन्सल्टिंग यू, राइट?"

"काय?"

"इट्स द कस्टम. मुलाकडच्यांना चिडवतात. आत्ता म्हणतायत, सासूची गाडी इतकी स्लो की बदकं आधी पोचली."

हे मला फारच आवडलं. मी अहोंकडे बोट दाखवलं आणि बायका आणखी खिदळल्या. मग विधी झाला. जोनालीच्या भांगावर मी सुपारी आणि अंगठी धरली, वरून तीनदा तेल सोडलं. माझा हात सैल, तेल तिच्या कानापर्यंत गेलं. कुंकू लावलं. डबा उघडून जोनबिरी तिच्या गळ्यात घातली, गामखारूची खिळी लावली. कबुतरांची जोडी बघून ती "ओह" म्हणाली आणि बोटानं त्यांना हळूच शिवली. आता राहिले होते कपडे. ते तिच्या ओंजळीत ठेवायचे.

मी ठेवणार, तर माही म्हणाल्या, "चार महिने. तिचं लेकरू हजारो मैलांवर. इथे येता आलं नाही, पण बघा, या कापडातून कशी आलीये ती."

मग मला राहवेना. पोटात काही ठेवायची सवयच नाही मला, आणि हे तर तीन दिवस ठेवलेलं. कपडे माझ्याच हातात, आणि मी सगळ्यांसमोर घडाघडा बोलून मोकळी झाले. मला ती साडी वाटली. मी जोडली. दांड घातला. फॉल लावला. इंडियानात उसवला. विस्कॉन्सिनात शिवली. आणि तरी भोकं राहिलीयत. हिंदीत सुरू केलं होतं, संपलं तेव्हा मी मराठीत रडत होते.

 केतकी म्हणाली, "शी रिअली डिड," म्हणजे कुणाला शंका राहू नये.

माहींनी माझ्या हातातून मेखला घेतली. मांडीवर पसरली, काठ वर केला, खिडकीकडे धरला. बोट त्या रांगेवरून फिरवलं, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. मला वाटलं आता माझी रवानगी परत न्यू जर्सीला.

"हे टाके हातानं घातलेत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"इतके बारीक?"

"हो," मी नाक पुसत म्हटलं. अशा वेळीही मला थोडा अभिमान वाटला, काय करणार.

"पाण्यात पडलं की हे बुजेल. हे आमचं पाट रेशीम, त्याचा धागा पाण्यात जागेवर येतो. पण लग्नाआधी नाही धुता येणार. उद्या दिसेल." मग त्यांनी मान वर केली. "उद्या तिला तूच नेसव. सासूनं आणलंय, सासूच नेसवेल. निऱ्या उजवीकडे हं. तुमच्यासारख्या डावीकडे नाही."

आणि कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं टाळी वाजवून गाणं उचललं. नवीन, तिथल्या तिथे रचलेलं. दुसऱ्या कडव्याला सगळ्या बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. जोनालीला हसण्यामुळे सांगता येईना. शेवटी म्हणाली, "म्हणतायत, कसली सासू मिळाली, लोक सुनेला शिवणकाम करायला लावतात, ही येतानाच सगळं बिघडवून घेऊन आली. आता नवऱ्याला धोतर नेसवू नका, नाहीतर त्याचीही साडी करेल."

मी रडता रडता इतकी हसले की नऊवारीचा काष्टा सुटायची वेळ आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जोनालीला नेसवली. हात आपोआप डावीकडे जायचे, माही माझ्या हातावर चापटी मारायच्या, "उजवीकडे!" रेशीम कडक, निऱ्या पुठ्ठ्यासारख्या उभ्या राहायच्या. मेखला खोचली, वर रिहा, त्यावर चादोर, तिची टोकं त्रिकोणी दुमडून. गळ्यात चंद्रकोर, मनगटात गामखारू. जोनाली आरशासमोर वळली आणि तिनं स्वतःच खाली वाकून ती मुंग्यांची रांग शोधली. "कॅन यू सी इट इन द पिक्चर्स?" तिनं विचारलं. मी म्हटलं, जवळून काढला तर दिसेल. ती म्हणाली, "गुड." तिनं फोटोग्राफरला बोलावून पायांचा एक फोटो मुद्दाम काढून घेतला. दीपूला सगळं कळलं तेव्हा तो मांडवात बसला होता, भटजी समोर, आणि त्यानं लांबूनच मला हात जोडले. तोंडानं मात्र अहोंकडून शिकलेला एक अस्सल मराठी शब्द पुटपुटला.

लग्नानंतर जोरहाटला ट्रंककॉल लावला. दोन तासांनी लागला. मला दीपूच्या आईला सगळं सांगायचं होतं, मनात हिंदी वाक्यं जुळवून ठेवली होती. पण ऐकू आलं ते फक्त खरखर आणि त्या खरखरीत एका बाईचं "हॅलो, हॅलो". मी म्हटलं "माँजी", आणि लाइन गेली.

परतीचा प्रवास त्याच रस्त्यानं, तसाच, पण मोकळ्या हातांनी. ओहायोत अहो सवयीनं "खड्डा!" म्हणून ओरडले. मागे कुणी काही शिवत नव्हतं. सगळा खर्च धरून, दोन्हीकडची मोटेलं आणि गॅस मिळून, तिघांच्या विमानापेक्षा निम्म्यात झाला. तेव्हा गाडीनंच जा.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मी दीपूच्या आईला पत्र लिहिलं. मोडक्या हिंदीत, चार पानं. सगळं लिहिलं, फॉलची रांगसुद्धा. माफी मागितली. उत्तर आलं नाही. एक महिना गेला, तीन गेले. मी रोज पत्रपेटी बघायचे आणि मनाला समजवायचे की रागावल्या असतील तर त्यांचा हक्कच आहे.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात माझी आई पुण्याहून आली. तिच्या सामानात जाड पांढऱ्या कापडाचं एक गाठोडं होतं, दीपूच्या भावानं दिलेलं. उघडलं तर आत मुगा रेशीम, आसामचं ते जात्याच सोनेरी असतं तसलं, लाल बुट्ट्यांचं. माझ्यासाठी विणलेलं. चादोर वेगळी, रिहा वेगळी. आणि मेखलेची दोन्ही टोकं मोकळी, न शिवलेली. सोबत हिंदीत एक कागद होता, अक्षर थोरल्या मुलाचं, शब्द आईचे. लिहिलं होतं, गुडघा बरा व्हायला आणि हे विणायला वेळ लागला, म्हणून उत्तराला उशीर. तू माझ्या जागी उभी राहिलीस, तर माझ्या मागावरचं कापड तुझ्याही अंगावर असायला हवं. शिवण मी घातलेली नाही. ती तुझ्या हातची घाल. मेखला कर नाहीतर साडी कर, पण नेस.

मी मेखलाच केली. मशीनवर नाही, हातानं, दोन संध्याकाळी खिडकीत बसून. ती अजून माझ्याकडे आहे, आणि इतकी वाकडी शिवण मी आयुष्यात दुसरी घातलेली नाही, कारण सुई कुठे चाललीय ते मला धड दिसतच नव्हतं.